पत्रा ठोकलेली खिडकी

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझ्या बाबतीत अगदी तसंच झालं. डॉक्टरांकडे गेले होते दुखरी बोटं दाखवायला, आणि घरी आले ती कोपराखाली उठलेली एक गाठ घेऊन.

शिरूरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. उभा जन्म कात्री आणि सुईवर काढला. गेल्या काही वर्षांत सांध्यांनी दगा दिला. सकाळी उठलं की बोटं सुजलेली, मूठ मिटायची नाही, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारायची. गिऱ्हाइकं चांगली म्हणून थांबायची, पण लग्नसराईत कोण थांबतं? सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांनी भागणार नाही, एक इंजेक्शन आहे, ते सुरू करू. नाहीतर बोटं वाकडी होत जातील आणि एकदा वाकली की सरळ होणार नाहीत. दुकान राहणार की जाणार, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता. मी लगेच हो म्हटलं. ते म्हणाले, थांबा, त्याआधी टीबीची तपासणी करावी लागते.

मला हसूच आलं. खोकला नाही, ताप नाही, आणि वजनाचं तर विचारूच नका. तरी सिस्टरनी हाताच्या आतल्या बाजूला कातडीत बारीक सुई घातली. मसुराएवढा फुगा आला. खाजवू नका, दोन-तीन दिवसांनी या, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात माप घेताना हात टेबलाला लागला आणि कळ मस्तकात गेली. पाहते तर तिथं लाल, गरम, टणक गाठ उठलेली.

सिस्टरनी तिच्यावरून बोट फिरवलं, दोन्ही कडांना पेनाने खुणा केल्या आणि पट्टी लावली. मी म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांना टेप लावली, आज माझं माप निघालं. त्या हसल्या नाहीत. लालीला अर्थ नसतो, म्हणाल्या, घट्टपणा मोजायचा असतो.

डॉक्टरांनी मग सगळं समजावलं. सुईतल्या औषधात जिवंत जंतू नव्हताच. नुसती त्याची चव शरीराला दाखवायची. ज्या शरीराची त्याच्याशी कधी गाठ पडली नाही, ते तिकडे लक्ष देत नाही. ज्याची पडली आहे ते ओळखतं, आणि सगळी फौज तिथं धाव घेते. लाली, ऊब, सूज, दुखणं हे सगळं त्या धावपळीचं. तुमच्या शरीराने ओळख दाखवली, ते म्हणाले.

"कुणाची?" मी विचारलं.

त्यांना वाटलं मी जंतूबद्दल विचारतेय. ते सांगत राहिले. कधीतरी, बहुतेक लहानपणी, तो श्वासातून छातीत गेला. शरीराला तो मारताही आला नाही आणि बाहेर टाकताही आला नाही. मग त्याच्याभोवती शरीरातल्याच पेशी जमल्या, त्यांनी कडं केलं आणि त्याला आत कोंडून टाकलं. आत तो मेलेला नसतो, झोपलेला असतो. तुम्ही आजारी नाही, तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही. पण ते कडं विटांचं नाही. तिथं पहारा सतत लागतो. तुमच्या सांध्यांत जी आग चुकून पेटलीय, तीच आग तिथला पहारा राखते. इंजेक्शन ती आग विझवेल. सांधे बरे होतील, पण पहारेकरीही उठून जाईल. म्हणून आधी काही महिने आतल्यासाठी गोळ्या, आणि त्या लागू पडल्या की इंजेक्शन. एक्स-रेमध्ये उजवीकडे वरच्या बाजूला तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. ही त्याची जागा, त्यांनी पेन टेकवून दाखवलं.

कुणापासून आला असेल, असं मी सरळच विचारलं. ते म्हणाले, ते सांगता येत नाही. आपल्याकडे कितीतरी जणांच्या छातीत असा एखादा ठिपका असतो. शाळेत, बाजारात, एसटीत, कुठंही. त्याच्या मागे लागू नका. मी मान डोलावली. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पदराखाली ती गाठ ठणकत होती आणि माझ्या नाकाला गुळाचा वास येत होता. दवाखान्याच्या बाहेर चहाची टपरी होती, गुळाचा खडाही नव्हता तिथं.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं खुटबाव. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गुऱ्हाळ होतं. रस काढून उरलेली उसाची चिपाडं वाळवायची आणि तीच रस आटवायच्या चुलवणात घालायची, त्यामुळे हंगामभर आमच्या वस्तीवर धूर आणि गोड वास. कपड्यांना, केसांना, गोधड्यांना. शाळेतल्या मुली म्हणायच्या, तुझ्या पाटीलासुद्धा मुंग्या लागतील.

मी सात-आठ वर्षांची असेन तेव्हा मोठी आत्या सासरहून आली. तिचं सासर इनामगावला, घोडनदीच्या काठी. सण नव्हता, बाळंतपण नव्हतं, तरी आली, आणि तिला न्यायला परत कुणी आलं नाही. चार दिवस विश्रांतीला आलीय, असं घरात सांगितलं गेलं. ती खोकायची. कुणी विचारलं की आबा म्हणायचे, धूर बाधतो तिला. गुऱ्हाळावर धूर बाधणं इतकं रोजचं की पुढे कुणी काही विचारत नसे. आत्या भर पावसाळ्यात आली होती, तेव्हा चुलवण थंड होतं आणि त्यात कुत्री झोपत होती, हे मला आत्ता सुचतंय.

तिला गुऱ्हाळाच्या बाजूची खोली दिली आणि मला तिच्याजवळ निजायला धाडलं. मला आनंद झाला. आईच्या कुशीत धाकटा भाऊ होता, तिथं माझी वर्णी लागत नव्हती. आता मला एक आख्खी आत्या मिळाली होती. पण आत्या माझ्याकडे तोंड करून कधी झोपली नाही. अंथरुणावर पडली की भिंतीकडे वळायची. मी तिच्या अंगावरून पलीकडे, भिंतीच्या बाजूला जायची, की ती अलीकडच्या कुशीवर व्हायची. मी खांदा धरून ओढायची. ती हलायची नाही. मला वाटायचं, हिला मी आवडत नाही.

माझ्या वाट्याला आली ती तिची पाठ. ती पाठ मला पाठ झाली म्हटलं तरी चालेल. मानेखालचा तीळ, चोळीच्या कडेला उठलेला वळ, दोन्ही खांद्यांची पंखांसारखी हाडं. मी त्या पाठीवर बोटाने बाराखडी गिरवायची आणि ती भिंतीकडे बघत ओळखायची. "गं. घं. हा कुठला, नीट काढ." हळूहळू हाडं वर आली आणि अक्षरं खडबडीत व्हायला लागली. पुढे आयुष्यभर मी बायकांच्या पाठी मापल्या. बाई आत आली की चेहऱ्याआधी मला पाठ दिसते. गिऱ्हाइकं म्हणतात, हिचं मागच्या गळ्याचं काम एक नंबर. त्यांना काय माहीत शिक्षण कुठं झालं.

ती गोष्टीही भिंतीकडे तोंड करूनच सांगायची. तिच्या सासरी टेकाडावर साहेब लोकांनी खणलं होतं, तिथं फार जुन्या काळच्या माणसांचे सापळे निघाले. ती माणसं आपलं मेलेलं माणूस घरातच, जमिनीखाली पुरायची, आणि पुरताना त्याची पावलं तोडायची. मी विचारलं, का? आत्या म्हणाली, "उठून फिरायला नगं म्हणून. आपलंच माणूस, लांब टाकवत न्हाई, आन् भ्या तर वाटतंच." मग खोकत राहिली. मी त्यानंतर बरेच दिवस पाय पांघरुणाच्या आत घेऊन झोपायची.

खोलीला एक खिडकी होती, चुलवणाकडची. आबांनी तिच्यात पोतं कोंबलं, धूर येऊ नये म्हणून. सकाळी पाहावं तर पोतं खाली पडलेलं. आबा परत कोंबायचे, परत ते खाली. वारं फार आहे, असं ते म्हणाले आणि एक दिवस त्यांनी खिडकीला पत्राच ठोकला. आत्या दारात उभी राहून बघत होती. कोंडतंय दादा, एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून खोलीत दुपारीही दिवा लावावा लागे.

त्या काळातली चांगली आठवण एकच, आबांच्या हाताची. मी जागी व्हायच्या आधी ते खोलीत येत आणि माझ्या कपाळावर हात ठेवत. गुळाने खरबरीत झालेला, मोठा, ऊबदार हात. मी जागी असले तरी डोळे मिटून पडायची, हात लवकर उचलू नये म्हणून. आमच्या घरात मुलीला जवळ घ्यायची पद्धत नव्हती. तो हात मला आयुष्यभर पुरला. लग्नात, बाळंतपणात, नवरा गेला तेव्हा, मी तो हात आठवून उभी राहिले.

अधूनमधून आबा आत्याला घेऊन खुटबावच्या स्टेशनावरून दौंडच्या गाडीत बसत. बाजाराला चाललोय, असं सांगत. येताना मला बांगड्या आणत, आणि आत्या येताना दंड धरून बसलेली असे. मग ऊस तोडणीला आला, गुऱ्हाळ पेटलं आणि दौंडच्या फेऱ्या बंद पडल्या. त्याच हंगामात धाकट्या आत्याचं लग्न झालं. पाहुणे आमच्या ओट्यावर बसून काकवी खाऊन गेले. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मोठी आत्या गेली. धुरानं गेली, असं सगळे म्हणाले. मीही पुढे माझ्या सासरी तसंच सांगितलं.

गाठ उठल्यावर मी दुकान बंद ठेवून खुटबावला गेले. गोळ्यांचं पाकीट पिशवीत होतं, फोडलं नव्हतं. का फोडलं नाही ते कुणाला सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. डॉक्टर म्हणाले होते की आतला जंतू जिवंत आहे. आत्याचा फोटो नाही, लुगडं नाही, तिला मूलबाळ नाही. सासरी दुसरी आली आणि हिचं नाव पुसलं गेलं. तिच्या श्वासातलं काहीतरी माझ्या छातीत इतकी वर्षं झोपून आहे, आणि ते मारायच्या गोळ्या माझ्याच पिशवीत. माझी बोटं मला हवी होती. पण आधी मला ते नक्की तिचंच आहे की नाही हे कळायला हवं होतं. ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं.

आबा आता ऐंशीच्या पुढे गेलेत. गुऱ्हाळ भावाने चालवायला दिलंय, उत्तरेकडची माणसं येऊन गूळ काढतात, आबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांना मराठीत रागावतात आणि ती हिंदीत हो म्हणतात. ती खोली अजून आहे. खताच्या गोण्या ठेवतात. खिडकीवर पत्रा तसाच, गंजून तांबडा झालेला.

मी आबांना विचारलं, मोठी आत्या कशाने गेली. ते म्हणाले, धुरानं. मी म्हटलं, ती पावसाळ्यात आली तेव्हाही खोकत होती. त्यांनी कानावर हात ठेवले, म्हातारपणाचा फायदा घेऊन ऐकू येत नसल्यासारखं केलं. मग उसाच्या भावावर बोलायला लागले. माझा संताप झाला. मी बाही वर केली आणि हात त्यांच्या मांडीवर ठेवला. गाठ तोवर बसत चालली होती, पण टणकपणा होता. मी त्यांना सांगितलं, हे काय आहे, आणि डॉक्टर काय म्हणाले. सगळं सांगितलं.

त्यांनी अंगठ्याने ती गाठ चाचपली. बराच वेळ. पाकाची गोळी बघतात तशी.

"टीबी हुता तिला," ते म्हणाले. "सासरच्यांनी निम्म्यात औषध सोडलं आन् माहेरी आणून घातली. मी दौंडला नेऊन सुया द्यायचो. हितं दिल्या असत्या तर बोभाटा झाला असता. धाकटीचं जमत आलं हुतं तवा. त्या घरात टीबी हाय म्हणल्यावर कोण नेणार तिला?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते पुढे पुटपुटले. माझी तर मूठच मिटत नव्हती. मी विचारलं, मग मला तिच्यापाशी का निजवलं? मला माहीत नव्हतं म्हणून चाललं, पण तुम्हाला तर माहीत होतं.

आबांनी चुलवणाकडे तोंड फिरवलं. "लोकं कुजबुजत हुती. म्हणलं, लेकरू संगं निजतंय असं दिसलं की कुणाची शंका ऱ्हायची न्हाई. सोयरीक बघायला आलेल्यांनी इचारलं बी, तवा मी तुझ्याकडं बोट दावलं." मग म्हणाले, "ती पाया पडायची माझ्या. पोरीला नगं निजवू म्हणायची. दर सांजच्याला. पोतं बी तीच काढायची. मला वाटलं खोकला भाईर जातोय, लोकं ऐकत्यात, म्हणून पत्रा ठोकला."

खोकला बाहेर जाऊ नये म्हणून पत्रा ठोकला, आणि तो गेला नाही खरा. मला एवढंच विचारावंसं वाटलं, आणि तेच मी विचारलं, की आबा, तुम्हाला माझ्यासाठी भीती नाही वाटली?

"वाटायची की," ते म्हणाले. "म्हणून तर रोज सकाळी उठलो की आधी तुझं कपाळ बघायचो. ताप चढलाय का म्हणून."

मी उठले आणि गुऱ्हाळाच्या मागे जाऊन उभी राहिले. एक कामगार चिपाडं पसरत होता, त्याने विचारलं, चक्कर आया क्या. मी मान हलवली. मला रडू येत नव्हतं. मला त्या हाताचा राग आला होता, आणि तो हात कपाळावरून काढून टाकता येत नव्हता, कारण तो खराही होता. घाबरलेला होता, लबाड होता, आणि तरी ऊबदार होता. आणि ज्या पाठीवर मी इतकी वर्षं रुसून होते, त्या पाठीची बाई रोज, दम लागत असताना, मी जिकडे जाईन त्याच्या उलट बाजूला वळत होती. सगळ्या घरात मला वाचवायचा प्रयत्न तिने एकटीने केला, तोही पाठ फिरवून, आणि मी तिचा खांदा ओढत होते.

निघताना आबांच्या पाया पडले. पद्धत म्हणून पडले की मनापासून, मला सांगता येणार नाही. ते म्हणाले, औषध घे बरं, मधीच सोडू नगंस. एवढं म्हणून त्यांनी दौंडच्या बाजूला पाहिलं. तेव्हा मात्र मी त्यांचा हात हातात घेतला. आता तो नुसता हाडांचा राहिलाय, गुळाचा खरखरीतपणा गेलाय.

न्हावऱ्यावरून शिरूरला येणाऱ्या एसटीत मी पाकीट फोडलं आणि पहिली गोळी घेतली. बाटलीतलं पाणी कोमट होतं. गोळी घशाखाली गेली तेव्हा मनात म्हटलं, आत्या, आता सुट. महिने गेले, एकही गोळी मी चुकवली नाही. मग डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. हळूहळू सकाळची सूज ओसरली. आता सुईत दोरा माझा मीच ओवते, आणि शेजारीण म्हणते, माझी आठवण काढत नाहीस हल्ली. सगळं डॉक्टर म्हणाले तसं झालं. फक्त पहारा उठलाय म्हणतात, त्या जागी कसलीशी पोकळी वाटते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, तसं काही नसतं.

दिवाळीच्या सुट्टीत नात राहायला आली. दुपारी जेवून आम्ही दोघी आडव्या झालो. तिच्या केसांना नारळाच्या तेलाचा वास होता. माझ्यापासून कुणाला काही नव्हतं आणि नाही, हे मला माहीत आहे. डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय, मी दोनदा विचारलं म्हणून. खिडक्या सताड उघड्या होत्या, पडदे हलत होते. तरी जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की मी भिंतीकडे तोंड करून पडलेय.

नात माझा खांदा ओढत होती. "आजी, इकडं तोंड कर ना."

मी वळले. तिने माझ्या गळ्यात हात टाकला, तोंड अगदी माझ्या तोंडाशी आणलं आणि शाळेतलं काहीतरी सांगायला लागली. मी हं हं करत होते. बऱ्याच वेळाने मला कळलं की मी श्वास धरून ठेवलाय.